कवडीचा फेरा

रांजणखेडच्या तटावर चालायचं तर कुत्रं पुढे पाहिजे. तुम्ही ते बरोबर आणलंत, चांगलं केलंत. दुसरीकडे फाटकावरच कुत्र्यांना मज्जाव असतो. इथे नगरपरिषदेने उलटी पाटी लावली आहे : 'प्राचीन तट पदपथ, अंतर दोन किलोमीटर, श्वानांसह यावे'. ज्याच्याजवळ कुत्रं नसेल त्याच्यामागे वेशीतलं एखादं आपण होऊन येतं आणि दहा-पाच पावलांत पुढे होतं. त्याला हाकलायचं नाही, ओलांडून पुढे जायचं नाही आणि तटावर असेपर्यंत त्याच्यावर दगड उगारायचा नाही. गावातली वांड पोरंसुद्धा एवढं पाळतात. खाली उतरल्यावर त्याच कुत्र्याच्या पेकाटात लाथ बसते, ती गोष्ट वेगळी.

काय नाव म्हणालात हिचं? मफिन. असू द्या. आमच्याकडे कुत्र्यांची नावं इतकी गोड नसतात, पण कुत्री तुमच्या मफिनसारखीच हुशार असतात. तिला पुढे राहू द्या. मी तुळशीराम चौगुले. वय एक्क्याऐंशी. रोज सकाळी इथे येतो आणि कोणी पाहुणा दिसला की त्याच्याबरोबर फेरा मारतो. पाटीवर कथा लिहिली आहे, पण ती वाचू नका. ती ज्यांनी लिहिली त्यांचे पूर्वज तटाच्या वर उभे होते. माझेही होते, पण ते पुढे येईलच.

हा तट नुसत्या मातीचा आहे. पायात दगड आहेत, वर सगळी माती. आता दोन पुरुष उंच राहिला आहे, तेव्हा चार पुरुष होता म्हणे. एका बाजूला शेवती नदी, दुसऱ्या बाजूला खंदक. खंदकात आता बाभळी आणि गावाचा कचरा आहे, तिकडे पाहू नका. वर चालताना एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. तट भाकरीसारखा गोल आहे, पण दक्षिणेला भाकरीचा तुकडा मोडून घ्यावा तसा एकदम आत वळतो आणि पुन्हा बाहेर येतो. त्या वळणाला आम्ही कोपर म्हणतो. दरवर्षी संशोधक येतात, फोटो काढतात, कोणी म्हणतं तिथे बुरूज होता, कोणी म्हणतं जमीन खचली. गावातल्या शेंबड्या पोरालाही खरं कारण माहीत आहे, पण त्याला कोण विचारतो!

असं सांगतात की फार पूर्वी, राजा कोण होता तेही आता कोणाला सांगता येत नाही, तेव्हा शेवतीला दर दोन-तीन वर्षांनी पूर यायचा आणि अर्धं गाव धुऊन जायचं. शेवटी राजाचा हुकूम आला, गावाभोवती तट घाला. गावाला आनंद झाला आणि दुसऱ्या दिवशीपासून भांडण सुरू झालं. तट कुठून न्यायचा? ज्याचं घर कडेला होतं त्याला तट घराच्या पलीकडे हवा होता. ज्याचं शेत घरामागे होतं त्याला तो शेतात नको होता. कुंभारआळीतले म्हणायचे आमची भट्टी आत घ्या, तेलीआळीतले म्हणायचे धूर नको, भट्टी बाहेर ठेवा. आठ महिने चावडीवर हेच चाललं होतं. माती आहे तिथेच होती.

तेव्हा खंडोबाच्या देवळातल्या एका म्हाताऱ्या वाघ्याने तोडगा काढला. तो म्हणाला, गाव कुठवर आहे हे माणसाला कळत नसतं, कुत्र्याला कळतं. गावची एक कुत्री होती, कवडी नावाची. कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका. ती रोज झुंजूमुंजू झालं की पाटलाच्या गढीपासून निघायची आणि सगळ्या गावाला वळसा घालून परत गढीपाशी यायची. ज्याला ती आपलं मानायची त्याच्या बाहेरून जायची. परक्याचं जनावर त्या वाटेच्या आत आलं तर अंगावर जायची. कोणी तिला शिकवलं नव्हतं, कोणी तिला पोसतही नव्हतं.

हे सगळ्यांना पटलं. कोणाचाच शब्द वर राहिला नाही म्हणून पटलं. गोंदजी पाटील तेव्हा गावचे कारभारी होते. त्यांनी सगळ्या आळ्यांची माणसं देवळात नेली आणि बेलभंडार उचलून शपथ घेतली : जिथून कवडी जाईल तिथून तट जाईल, आत येईल तो गावचा, बाहेर राहील तो बाहेरचा. भंडारा उधळला, येळकोट झाला, माणसं घरी गेली आणि जेवायला बसल्यावर एकेकाच्या घशात घास अडकला. कवडी रोज कुठून जाते हे कोणी आधी पाहिलंच नव्हतं. रांजणखेडची रीत आहे ही. आधी शपथ, मग विचार.

कवडी दक्षिणेला वडारवस्तीला वळसा घालून यायची.

त्या वस्तीबद्दल सांगतो. त्याच्या नऊ वर्षं आधी गावाने तलाव खणायला मातीकाम करणारे वडार बोलावले होते. बारा खोपटी, गाढवं, कुदळी, पाट्या. त्यांनी तलाव खणला. त्याचं पाणी सगळं गाव प्यायलं, त्यांनी मात्र नदीवर जायचं. तलाव झाला तेव्हा गावाने त्यांना सांगितलं, जाऊ नका, राहा, पुढे काम निघेल, तुम्ही आता आमचेच. दक्षिणेच्या पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीच्या उंचवट्यावर, ते राहिले. त्यांचा म्होरक्या तिमाप्पा आणि त्याची बायको नरसव्वा. नरसव्वा रोज सकाळी चुलीपाशी बसून पहिली भाकरी मोडायची आणि चतकोर कवडीसाठी दारात ठेवायची. कवडी त्या हिवाळ्यात व्याली तीही नरसव्वाच्या खोपटात. चार पिल्लं होती. सकाळी फेऱ्याला निघताना ती पिल्लं ठेवून जायची आणि फेऱ्याच्या वाटेत थांबून पाजायची.

आता पाहा, गाव काय म्हणत होतं. उघड कोणी बोललं नाही. आपले लोक असं उघड बोलत नाहीत. पण वडार तटाच्या आत आले तर एक विहीर, एक वेस, एक स्मशान, उद्या एक पंगत. आमचेच म्हणणं सोपं असतं, कारण म्हणायला जागा लागत नाही. शपथ मोडावी तर खंडोबाचा कोप. कवडीला मारावं तर गावभर बोभाटा. दोन दिवस गढीत खलबतं झाली आणि ठरलं की शपथ मोडायची नाही, वाकवायची.

पाटलाच्या हाताखाली एक चौगुला होता, सिदोजी. कवडीच्या मागे चालत फक्की टाकण्याचं, म्हणजे चुन्याने रेषा आखण्याचं काम त्याच्याकडे होतं. तो आमचा मूळपुरुष. माझ्या घरात त्याचं नाव कोणा मुलाला ठेवत नाहीत.

आखणीच्या आदल्या दिवशी दुपारी सिदोजी टोपली घेऊन नरसव्वाच्या दारात गेला. म्हणाला, "उद्या सकाळी मानसांची लय गर्दी व्हनार. पिल्लं पायाखाली येतील. गढीत नेऊन ठिवतो, फेरा झाला की आनून देतो." नरसव्वाला ते पटलं. गावचा मानकरी आपल्या दारात पिल्लांसाठी आला, याचंच तिला कौतुक वाटलं असणार. तिने टोपलीत स्वतःचं जुनं लुगडं अंथरलं आणि एकेक पिल्लू उचलून त्याच्या हवाली केलं. डोळे नुकते उघडले होते त्यांचे. कवडी तेव्हा तलावाकडे होती म्हणे, परत आल्यावर रात्रभर त्यांना शोधत फिरली.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव कवडीच्या मागे. पुढे कवडी, मागे सिदोजी, खांद्यावर फक्कीची झोळी, त्याच्यामागे पाटील, वाघ्या, सगळ्या आळ्या. कवडी नेहमीसारखी निघाली. कुंभाराची भट्टी तिने आत घेतली, तेल्याचं अर्धं शेत बाहेर ठेवलं, कोणी हूं का चूं केलं नाही. दक्षिणेला वळून ती पांढरीकडे धावत सुटली. तिथे वडारवस्ती सगळी दारात उभी होती, धुतलेले कपडे घालून. नऊ वर्षांत पहिल्यांदा गाव त्यांच्याकडे येत होतं. नरसव्वाच्या दारात चतकोर भाकरी ठेवलेली होती.

कवडी वस्तीपासून साठ पावलांवर आली आणि पिल्लं ओरडली.

पिल्लं गढीत नव्हतीच. पाटलाच्या मळ्यातल्या खोपीत ठेवली होती, रेषेच्या आतल्या अंगाला, आणि ती वेळेवर ओरडावीत म्हणून एक माणूस त्यांच्यापाशी बसवला होता. त्याने काय केलं ते मी सांगणार नाही, तुमची मफिन ऐकते आहे. कवडीने एकदा वस्तीकडे पाहिलं असं म्हणतात आणि ती आत वळली. सिदोजीही तिच्यामागे वळला. फक्की वळली. खोपीत तिने पिल्लांना चाटलं, पाजलं, सगळं गाव बाहेर उभं राहिलं. मग ती उठली आणि सवयीप्रमाणे उरलेला फेरा पुरा केला.

हे ते कोपर. अजून शंभर पावलांवर आहे, पण इथून दिसतं.

तुम्ही म्हणाल, वडारांनी हे ऐकून कसं घेतलं? त्यांनी ऐकून घेतलं नाही, त्यांनी मानलं. कवडी ही त्यांच्याच दारची कुत्री, तिनेच त्यांना बाहेर ठेवलं, मग भांडायचं कोणाशी? नरसव्वा म्हणे तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी सिदोजीने पिल्लं आणून दिली, तेव्हा ती त्याला म्हणाली, "मुक्या जनावराला काय बोल लावायचा." सिदोजी टोपली ठेवून परत फिरला. तेव्हा त्याने तोंड उघडलं असतं तर चुना पुसून टाकता आला असता. एका झाडूचं काम होतं ते.

मग वडारांनी हा तट बांधला. स्वतःला बाहेर ठेवणारा तट स्वतःच्या हातांनी बांधला आणि असा बांधला की अजून उभा आहे. पांढरीची माती, त्यात गव्हाचा भुसा आणि ताग, बायकांनी पायांनी तुडवायची, पुरुषांनी वीतभर थर घालून धुमसाने, म्हणजे जड लाकडी ठोकळ्याने, ठोकायचा, एक थर वाळला की दुसरा. बाहेरचं अंग त्यांनी इतकं गुळगुळीत लिंपलं की पालही घसरेल. नदीचं पाणी धरायला जागा मिळू नये म्हणून ते तसं करतात. अडीच वर्षं काम चाललं. कोपरापाशी तिमाप्पाने थर दुप्पट ठोकला म्हणे, कारण पाणी वळणावर जोर करतं हे त्याला ठाऊक होतं. काम करणारा माणूस रागाने काम बिघडवत नाही, ही त्या लोकांची चूक म्हणा किंवा काही म्हणा.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदात शेवती आली. चार दिवस वरच्या अंगाला पाऊस होता. पाचव्या दिवशी सकाळी गावाने वेशीला फळ्या लावल्या आणि आतून बाहेरून माती थापून वेस लिंपून टाकली. ती रीतही वडारांनीच शिकवली होती. सकाळी वेस लिंपायला तिमाप्पाची माणसं बाहेरून मदतीला होती. काम झाल्यावर ती आपल्या खोपटांकडे गेली. पांढर उंचावर होती, तिथे कधी पाणी चढलं नव्हतं.

पण तेव्हा तट नव्हता. आता नदीला गावात शिरायला जागा मिळाली नाही, ती तटाला घासत दक्षिणेला आली आणि कोपराच्या खोबणीत तिचं पाणी तुंबलं. दुपारपर्यंत पांढरीच्या चारही बाजूंनी पाणी झालं. वडारांनी पोरं खांद्यावर घेतली, गाढवं सोडून दिली आणि जवळची एकच उंच जागा होती तिकडे ते निघाले. तटाकडे. साठ पावलं होती.

आता नीट ऐका. गाव तटावर जमलं होतं. खाली कंबरभर पाण्यात बारा खोपटांची माणसं, पाठीशी गुळगुळीत भिंत. तिमाप्पाच्या हातात कुदळ होती. ओल्या मातीच्या तटावर चढायचं तर पाय ठेवायला खाचा पाडाव्या लागतात, आणि पुराच्या वेळी खाच पाडली की पाणी त्यात बोट घालतं, दोन घटकांत भगदाड होतं. हे गावापेक्षा वडारांना जास्त माहीत होतं. ते खाचा पाडून वर आले असते तर गाव बुडालं असतं. नाही पाडल्या तर ते बुडणार. तिमाप्पाने वर पाहून ओरडून सांगितलं, "पाटील, दोर टाका! न्हाईतर मला खाच पाडावी लागंल!"

दोर नव्हते असं नाही. गावात चाळीस विहिरी होत्या, प्रत्येक विहिरीवर मोटेचा सोल होता. पण वर चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं, मोठी माणसं चढली तर तटाची कड ढासळेल. त्या कडेवर तेव्हा निम्मं गाव उभं होतं, पण असो. कोणी म्हणालं, देवाची शपथ आहे, बाहेरचा तो बाहेरचा, कौल लावल्याशिवाय आत कसा घ्यायचा? वाघ्याला बोलवायला माणूस गेला. पाणी छातीला लागलं.

तेवढ्यात कवडी तटावर आली. ती कडेकडेने दोनदा धावली, खाली पाहिलं आणि बाहेरच्या अंगाने घसरत पाण्यात गेली. तिची पिल्लं तेव्हा मोठी कुत्री झाली होती, तीही तिच्यामागे गेली. पोहत पोहत ती नरसव्वापाशी पोचली.

ते पाहून सिदोजी भानावर आला. त्याने जवळच्या विहिरीवरचा सोल काढून आणला, एक टोक तटाआतल्या बाभळीला बांधलं आणि दुसरं खाली सोडलं. कोणालाही विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं पाटील आता त्याला थांबवतील. पाटलांनी थांबवलं नाही. ते पुढे आले आणि म्हणाले, "लेकरं आदी घ्या."

गावाला भरून आलं. बायका रडल्या. केवढं मोठं मन म्हणाल्या. नरसव्वा खाली उभी राहून एकेका पोराच्या काखेतून दोर घालायची, गाठ मारायची आणि वर हात करायची. वर सिदोजी आणि चार माणसं ओढायची. अशी अकरा पोरं वर आली. सगळ्यात लहान दीड वर्षांचं होतं, त्याला तिने पदरात गुंडाळून बांधलं होतं. अकरावं वर आलं आणि सिदोजीने दोर पुन्हा सोडायला उचलला, तेव्हा पाटलांनी त्याच्या हातातून दोर घेतला आणि वेटोळं करून खांद्याला लावला.

पाटलांनी एवढंच केलं. मग त्यांनी पोरांना कडेला ओळीने उभं करायला सांगितलं, आईबापांना दिसतील अशी.

तिमाप्पाने कुदळ उचलली होती. त्याने जागाही हेरली होती, दुप्पट थराच्या शेजारची, जिथे दोन दिवसांचं काम जोडलं गेलं होतं. एक घाव पुरला असता. वरची पोरं बापाला, आईला "अय्या, अव्वा" करून रडत होती. नरसव्वाने नवऱ्याचं मनगट धरलं. आता तट फुटला तर आत कोण होतं? त्यांचीच अकरा लेकरं होती. पाटलाला हे आधीच कळलं होतं, सिदोजीला आत्ता कळलं, आणि खाली तिलाही कळलं. तिने वर पाहिलं. पाटलाकडे नाही, सिदोजीकडे. पाण्याचा आवाज मोठा होता, तरी कोपरावर उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकलं. ती म्हणाली, "चौगुले, पिल्लं बी अशीच नेली व्हती तुमी."

पुढचं सांगण्यासारखं नाही. कुदळ चालली नाही. तट फुटला नाही. संध्याकाळच्या आत बेचाळीस माणसं गेली.

पाटीवर लिहिलं आहे की नरसव्वाने गावासाठी स्वखुशीने जलसमाधी घेतली, आणि जाताना पदर पसरून आशीर्वाद दिला की या तटाला कधी तडा जाणार नाही. पदर! तिचा पदर वर आला होता, दीड वर्षांच्या पोराभोवती. मला त्या पाटीचा इतका संताप येतो की एकदा मी तिच्यावर चिखल फासला होता, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. नगरपरिषदेने धुऊन घेतली.

पाणी ओसरल्यावर सिदोजीने देवळात जाऊन सगळ्यांसमोर पिल्लांची गोष्ट सांगितली. गाव म्हणालं, बाबा, तुला धक्का बसला आहे, घरी जा. दुसऱ्या वर्षी पुन्हा सांगितली. तिसऱ्या वर्षी त्याच्या तोंडावर दार लावलं. मग त्याने फक्त घरात सांगितली, मुलाला, आणि मुलाने त्याच्या मुलाला. अशी ती माझ्यापर्यंत आली.

त्या अकरा पोरांना गावाने वाढवलं. हेही पाटीवर आहे, आणि ते खरंही आहे. कोणाच्या गोठ्यात एक, कोणाच्या ओसरीवर एक. हाताला काम येईपर्यंत सांभाळलं. मग लग्नाची झाली तेव्हा जागा कुठे द्यायची हा प्रश्न आला, आणि गावाने विचार करून त्यांना त्यांच्याच आईबापांच्या पांढरीवर नेऊन सोडलं. तटाच्या बाहेर, शपथेप्रमाणे. ती समोर घरं दिसतात ना, निळ्या पत्र्यांची? ती त्या अकरांची. आता सत्तर उंबरे आहेत.

कवडी मेली नाही असं म्हणतात. पूर उतरल्यावर ती कोपराच्या चिखलात बसलेली सापडली. त्यानंतर ती वेशीच्या आत कधी आली नाही. पण फेरा सोडला नाही. झुंजूमुंजू झालं की तटावर चढायची, चालत कोपरापर्यंत यायची, तिथून बाहेर उतरायची, रिकाम्या पांढरीला पूर्ण वळसा घालायची, पलीकडून वर चढायची आणि पुढे जायची. गावाने काटे लावून पाहिलं, तुकडे टाकून पाहिलं, पुन्हा पिल्लंही ओरडवून पाहिली. ती वळली नाही. तिच्यामागे तिची पिल्लं तशीच चालली. त्यांची पिल्लंही. नंतर इथे आलेलं कुठलंही कुत्रं, लांबून आलेलं, जातिवंत, घरात गादीवर झोपणारं, कोपरापाशी तेच करतं. मला कारण विचारू नका. वासाचं काही असेल असं जनावरांचे डॉक्टर म्हणतात.

बघा, तुमची मफिन ओढायला लागली. सोडा तिचा पट्टा. हरवणार नाही, पलीकडच्या चढाने येईल. अशी कुत्री उतरली की माणसांनी इथे थांबायचं, ही रीत. पुराच्या तिथीला सगळं गाव कुत्र्यांच्या मागे फेऱ्याला निघतं, आमदारसुद्धा असतात, आणि इथे आल्यावर सगळे माना खाली घालून उभे राहतात, कुत्री परत येईपर्यंत. पाहणाऱ्याला वाटतं काय हा पश्चात्ताप. पण खाली कोणी उतरत नाही. रीत थांबण्याची आहे, उतरण्याची नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा गावाला नावं ठेवतो आणि स्वतः मोकळा. तसं नाही. मी एकोणतीस वर्षं मोजणी खात्यात होतो, साखळी ओढायचो. शहात्तर साली रांजणखेडची हद्द नव्याने कायम करायची मोजणी निघाली. साहेब परजिल्ह्यातले होते, पोरसवदा, भले गृहस्थ. आम्ही तटाच्या बाहेरच्या कडेने खुंट्या मारत आणि चुना टाकत इथपर्यंत आलो. साहेब थांबले. म्हणाले, "चौगुले, रेषा इथे आत का वळते? ही वस्ती गावाचीच दिसते. बाहेरून नेली तर सगळी घरं हद्दीत येतील. काय करू या?"

वस्तीतली माणसं आमच्याभोवती उभी होती. त्यांनी सकाळी आम्हाला चहा दिला होता. काशव्वा नावाची एक बाई कडेवर पोर घेऊन अगदी साखळीच्या टोकापाशी उभी होती आणि माझ्या तोंडाकडे पाहत होती. मागे तटावर गावातले पाच-सहा जण उभे होते, हात मागे बांधून. मला सिदोजीची गोष्ट पाठ होती. रोज रात्री वडिलांनी सांगितलेली. माझ्या एका शब्दाचं काम होतं.

मी म्हणालो, "साहेब, पूर्वापार हद्द हीच आहे."

का म्हणालो? मला याच गावात राहायचं होतं, पुढेमागे मुलीचं लग्न जमवायचं होतं, एवढंच. दुसरं मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही. साहेबांनी मान हलवली आणि मी चुना घेऊन आत वळलो. वळताना पाठीमागे काशव्वाचं पोर रडायला लागलं. नळाची पाइपलाइन त्या नकाशावरून टाकली, ती कोपरापाशी येऊन वळते. वस्तीच्या बायका अजून नदीवरून पाणी आणतात.

म्हणून मी रोज येतो आणि ज्याला त्याला हे सांगतो. सिदोजी घरात सांगायचा, मी पाहुण्यांना सांगतो. फरक एवढाच. काशव्वा अजून आहे, समोरच्या तिसऱ्या घरात, तिला मात्र मी अजून सांगितलेलं नाही.

आजही कोपरापाशी कुत्री उतरतात आणि गाव वर उभं राहतं. तुम्हाला उतरायला मनाई नाही, तुम्ही पाहुणे. कुत्र्यांनी पाडलेली ती पायवाट आहे, धरून उतरलात की मफिनच्या मागे मागे वस्तीत जाल. चहा विचारतील, घ्या. चहा चांगला असतो त्यांचा. फक्त वर कोण थांबलंय असं कोणी विचारलं, तर माझं नाव सांगू नका.